बैठकीची संस्था करायची आहे, पण सह्या कोणाच्या?

दिंडीतला_शेवटचा | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला लागला. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी माटुंग्याला एका मित्राच्या घरी आम्ही पाच क्विअर (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) जण बसलो. भेटायच्या, नाचायच्या जागा मुंबईत तेव्हाही होत्या; आम्हाला गायचं होतं. माझं घर वारकऱ्यांचं. ज्या वर्षी घरी सांगितलं त्या आषाढीला आजोबांनी माझ्या गळ्यातली माळ स्वतःच्या हाताने काढून घेतली. आमच्यातला एक वसईचा, चर्चच्या गायनवृंदातून गुपचूप कमी केलेला. एक मुंब्र्याची, तिला लहानपणापासून दर्ग्याची ओढ, पण सोबत जाणारं कोणी उरलं नव्हतं.

अर्धा तास शांत बसायचं. मग अभंग, प्रार्थना, कव्वाली, ज्याला जे येईल ते. मग गोल. गोलात एक टाळ हातोहात फिरतो. ज्याच्या हातात टाळ तो बोलणार, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. शेवटी खिचडी. तेव्हापासून लॉकडाऊन सोडला तर एकही शेवटचा रविवार चुकलेला नाही. मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकलाही आम्ही पुरून उरलो.

पाचाचे आता पंचेचाळीस झालेत. मित्राच्या बिल्डिंगने तक्रार केल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही हॉलमध्ये गेलो. अर्ध्या दिवसाचे ६,५०० रुपये, माणशी दीडशे काढतो, ते माझ्या यूपीआयवर येतात. डिसेंबरात कर्जतला दोन रात्रींचं शिबिर होतं, साठ माणसं, डोकी तीन हजार. म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या वर रक्कम माझ्या बचत खात्यात येते आणि जाते. कर्जतच्या जागामालकाने यंदा लेटरहेड मागितलं. हॉलवाल्याने विचारलं, "कुठलं मंडळ?" मी म्हटलं, भजनी मंडळ. खोटं नव्हतं, पण घरी येईपर्यंत घशाशी अडकून राहिलं.

म्हणून ठरलं, नोंदणी करू. कोणीतरी सांगितलं, सात सह्या लागतात. मागच्या महिन्याच्या बैठकीत चटईवर मधोमध सात टाळ ठेवले. म्हटलं, ज्याला आपलं नाव, पत्ता आणि आधार या कामासाठी सरकारी दप्तरात गेलेलं चालेल, त्याने एक उचलावा. घाई नाही.

वीस मिनिटं गेली. तीन उचलले गेले. चार टाळ चटईवरच राहिले.

कोणाचीच चूक नाही. एक जण महापालिकेच्या शाळेत आहे. एकीचं धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. एक जण विवाहित आहे, त्याच्यावर इथे वाद नको. तर विचारायचं आहे ते असं: ट्रस्ट, सोसायटी की कंपनी? उद्दिष्टांत काय लिहायचं? आणि नावं कमीत कमी उघडी पडतील असा काही रस्ता आहे का?

---

शेवटची_कसारा | सोमवार, रात्री ११:३१

वाचतेय. पॉपकॉर्न नको, खिचडी चालेल.

---

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ८:०५

व्यवसायाने सीए, संस्थांचीच कामं जास्त करतो. नोंदणीचं नंतर बघू, आधी तुमचं खातं. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला एकूण ५० हजारांच्या वर रक्कम आली तर ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. तुम्ही म्हणाल, ती भेट नव्हती, हॉलचं भाडं वाटून घेतलं. बरोबर आहे, पण ते दाखवता आलं पाहिजे. हॉलच्या पावत्या, कर्जतचं बिल, कोणी किती दिले त्याची वही आजच बसून जुळवा. जाता जाता, नोंदणी न केलेल्या समूहालाही पॅन काढता येतं आणि ठराव करून बँकेत खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत तशी सोय आहे. शाखेतला माणूस "असं काही नसतं" म्हणाला तर दुसऱ्या शाखेत जा.

आता तीन रस्ते. सोसायटी म्हणजे १८६०च्या कायद्याखालची संस्था: किमान सात जण, सर्वसाधारण सभा, निवडणूक. महाराष्ट्रात तिची पुन्हा सार्वजनिक न्यास म्हणून १९५०च्या कायद्याखाली नोंद होते, म्हणजे दोन प्रमाणपत्रं. ट्रस्टला दोन-तीन विश्वस्तांवर भागतं, सभासद नावाची भानगडच नाही. कंपनी म्हणजे २०१३च्या कायद्यातली कलम ८ची ना-नफा कंपनी, दोन संचालक पुरतात, कामं घरबसल्या ऑनलाइन होतात. पण वार्षिक विवरणपत्र चुकलं की एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये चढायला लागतात. खिचडी करणाऱ्या लोकांनी या वाटेला जाऊ नये, हे माझं वैयक्तिक मत.

तुमची अडचण नावांची असेल तर उत्तर ट्रस्ट. सातांऐवजी तीन.

---

गिरणगावकर | मंगळवार, सकाळी ९:४०

आमच्या गणेशोत्सव मंडळात बावीस वर्षं खजिनदार होतो म्हणून बोलतो. तुमचं क्विअर का काय ते मला अजून नीट समजलेलं नाही, राग मानू नका, पण पावतीपुस्तक समजतं. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ कची परवानगी लागते. गणपतीआधी सगळी मंडळं त्यासाठीच धावतात. आपसात खर्च वाटून घेणं वेगळं, पण उद्या तुम्ही बाहेर मदतीचं आवाहन केलंत की आलातच त्यात.

दुसरं. नावं कमी ठेवायची म्हणून तीनच विश्वस्त घ्याल, पण माणसं मरतात. आमच्या ओळखीच्या एका मंडळात पाचातले तिघे वारले, बदल अर्ज कोणी केलाच नाही. दप्तरी ते तिघे अजून जिवंत! बँकेने सह्यांवरून हात वर केले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत अर्ज गेला पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

---

नास्तिक_नरू | मंगळवार, दुपारी १:१५

मी स्वतः गे आहे, त्यामुळे शिव्या देताना विचार करा. ज्या धर्मांनी आपल्याला हाकललं त्यांचीच भजनं म्हणायला हॉल भाड्याने घ्यायचा आणि वर त्याची संस्था? तीच मेहनत कायदेशीर मदतकेंद्रावर खर्च केलीत तर काहीतरी होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. आपण टाळ कुटतोय.

---

चर्नीरोड_९४ | मंगळवार, दुपारी २:०२

नरू, माझं वय एकसष्ट. मोर्चे केलेत. १६ ऑगस्ट २००८ला ऑगस्ट क्रांती मैदानातून क्विअर आझादीचा पहिला मोर्चा निघाला त्यात होतो. मोर्चा संध्याकाळी संपतो आणि माणूस रात्री खोलीवर एकटाच जातो. दोन्ही लागतं रे. मी त्या बैठकीला जातो, देव मानत नाही, शांत बसायला जातो. मला कोणी अजून हाकललेलं नाही.

---

विठाई_माझी_पण | मंगळवार, दुपारी २:२०

वारकरी ज्ञानोबांना माउली म्हणतात, विठ्ठलाला विठाई. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर केव्हाचा उभा आहे. "हे आपल्या संस्कृतीत नाही" म्हणणाऱ्यांना लाँचमध्ये बसवून न्यायला हवं.

---

नास्तिक_नरू | मंगळवार, दुपारी २:३३

शिल्प बघायला तिकीट मिळतं. तसं जगायला कांदिवलीत वन रूम किचन मिळत नाही.

---

धर्मध्वज_१०८ | मंगळवार, दुपारी ३:०९

(प्रतिसाद काढून टाकला आहे. – संपादक)

---

शेवटची_कसारा | मंगळवार, दुपारी ३:११

आला होता वाटतं. मी हुकले.

---

उलटतपासणी | मंगळवार, रात्री ९:५०

वकील आहे, वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात चपला झिजवलेल्यांपैकी. ताळेबंद यांच्याशी सहमत, पण त्यांनी "सातांऐवजी तीन" इतकं सोपं करून टाकलंय, तिथे थोडं थांबा.

ट्रस्टच्या अर्जाला विश्वस्तांची नावं, पत्ते, संमतीपत्रं, ओळखपत्रं लागतात. कार्यालयाचा पत्ता लागतो, त्याला जागामालकाचं ना-हरकत आणि लाइट बिल. मग चौकशी होते, नोटीस निघते, हरकती मागवल्या जातात. नोंदवही सार्वजनिक असते, ट्रस्टचं नाव वेबसाइटवर शोधता येतं. म्हणजे तीन नावं असली तरी ती पूर्ण उघडी असतात. आणि माझ्या आधीच्या अनुभवावरून सांगते, नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा. ज्याचं घर स्वतःच्या नावावर आहे, ज्याला उद्या कोणी घर सोडा म्हणू शकत नाही, त्याचाच पत्ता द्या. भाड्याच्या खोलीचा नको. आईवडिलांच्या घराचा तर नकोच.

दुसरं, सत्तेचं. सोसायटीत पंचेचाळीस जण तुम्हाला मतदानाने काढू शकतात. ट्रस्टमध्ये विश्वस्त म्हणजे राजा, पुढचा विश्वस्तही तेच नेमणार. आज तुम्ही भले आहात, दहा वर्षांनी? म्हणून न्यासपत्रातच (ट्रस्टच्या मूळ दस्तात) घाला: प्रत्येकाची मुदत तीन वर्षं, सलग दोनपेक्षा जास्त नाही, नवीन नावं बैठकीतून सुचवलेलीच घ्यायची. दर वेळी बदल अर्जाची कटकट होईल. होऊ दे.

तिसरं, उद्दिष्टं. ट्रस्टची उद्दिष्टं नंतर बदलायची म्हणजे नवीन लढाई. सोसायटीत निदान दोन सभा आणि तीन-पंचमांश मतांचा रस्ता कायद्यात दिलेला आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी नीट लिहा.

---

ताळेबंद | बुधवार, सकाळी ७:५५

पत्त्याचं मान्य, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उद्दिष्टांबद्दल मी क्लायंटला सांगतो तेच सांगतो. आयकरातली सूट आणि देणगीदारांची सूट या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीसाठी १२ए, दुसरीसाठी ८०जी. (कलमांचे आकडे जुन्या कायद्यातले आहेत, तोंडात तेच बसलेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, आकडे बदलले, तुमच्या सीएकडून ताजे घ्या.) ८०जी हवं तर संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठी किंवा जातीसाठी असून चालत नाही आणि धार्मिक स्वरूपाचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. तुमचं सगळंच भजन-प्रार्थना. त्यामुळे "मानसिक आरोग्य, समुपदेशन व सर्वसमावेशक सांस्कृतिक उपक्रम" असं लिहा. भजन सांस्कृतिक कार्यक्रमात बसतं. क्विअर शब्दाची तर गरजच नाही, "समाजातील उपेक्षित घटक" म्हटलं की झालं. फाइल विनाअडथळा सरकते.

---

चर्नीरोड_९४ | बुधवार, सकाळी १०:१८

ताळेबंद, तुम्ही भल्यासाठी सांगताय हे दिसतंय. पण हे मी एकदा जगलोय. १९९४ला आपल्या लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला तेव्हा ३७७ पुरतं जिवंत होतं, तरी लोकांनी काम केलं. पुढे एड्सच्या कामाचा पैसा आला. आम्ही काही मित्र एका छोट्या गटात होतो, तिथे कागदावर फक्त "आरोग्य" लिहिलेलं. रक्ततपासणीचे आकडे भरायचे, निरोधचे खोके मोजायचे. कोणाचा मित्र गेला, कोणाला घरून हाकललं, तर त्यासाठी चहाचे पैसेसुद्धा कुठल्या खात्यात दाखवायचे ते कळायचं नाही. निधी थांबला त्या वर्षी गटही थांबला, कारण कागदावर आम्ही तेवढेच होतो.

तुम्ही अध्यात्म लपवायला सांगताय आणि क्विअरही लपवायला सांगताय. मग उरलं काय, खिचडी?

---

शेवटची_कसारा | बुधवार, सकाळी १०:२५

+१. आणि खिचडीला जीएसटी लागतो का तेही बघा.

---

परडी | बुधवार, दुपारी १२:४०

मी सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगती, म्हंजे देवीला वाहिलेली तृतीयपंथी. भांडुपला राहते. त्या बैठकीला दोनदा गेलेय, टाळ हातात आला तेव्हा रडलेय, तेवढं सांगते.

आमच्याकडं ट्रस्ट न्हाई, सोसायटी न्हाई. देवीचा जग (मूर्तीची टोपली) डोक्यावर घ्यायचा, परडी हातात, जोगवा मागायचा. परडीत पडलं ते देवीचं. संध्याकाळी सगळ्यांच्या समोर जमिनीवर ओतायचं आणि मोजायचं. गुरूनं एकटीनं मोजलं तर भांडण ठरलेलं. तेव्हा हिशोब आम्हालाबी कळतो.

आता माझं विचारणं. त्या "उपेक्षित घटक" मध्ये आमचं नाव येणार. तृतीयपंथी म्हटलं की कंपनीवाले पैसा देतात, हे मला ठाऊक हाय, फोटोला बोलावतात ना. पण विश्वस्तांत कोण? घर स्वतःच्या नावावर असलेले, शिकलेले, नोकरीवाले पुरुष. वकीलबाईंनी बरोबर सांगितलं पत्त्याचं, पण तो नियम लावला की मी आपोआप बाहेर. माझं तर भाड्याचं घर, तेबी तिसरं.

---

उलटतपासणी | बुधवार, दुपारी १:३०

परडीताई, चूक माझी. पत्त्याचं मी संस्थेच्या कार्यालयासाठी म्हणत होते, पण लिहिताना सगळ्यांना लावून बसले. कार्यालयाचा पत्ता एकच लागतो. विश्वस्ताचं घर स्वतःचंच असलं पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. आधारवर नाव कुठलं आहे तेवढं सांगा. जुनं असेल तर आधी राजपत्रात नाव बदलून घेऊ, नाहीतर न्यासपत्रात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं होईल आणि खातं उघडताना अडेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

परडी | बुधवार, दुपारी १:४४

आधारवर अजून बापानं ठेवलेलंच हाय. व्यनि बघते.

---

सांज_न्यूजर्सी | बुधवार, रात्री ११:५८

मी मूळची गिरगावची. माझी जोडीदार इथल्या रॅडिकल फेअरीज या क्विअर आध्यात्मिक मंडळींत जाते. १९७९ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्यांचा पहिला मेळावा झाला, बोलावणाऱ्यांत हॅरी हे (Harry Hay) नावाचे गे कार्यकर्ते होते. तुमच्या टाळासारखंच, गोलात एक वस्तू फिरते. त्यांच्यात निर्णय मतदानाने नाही, सर्वसंमतीने होतात. जोडीदार सांगते, मेळावा भरवणं सोपं. जमीन, विमा आणि कर आले की संस्था लागते आणि कायद्याला अध्यक्ष, चिटणीस, बहुमत हवं असतं. सर्वसंमतीवाल्यांना ते कायम टोचतं. तेव्हा तुम्ही निर्णय कसे घेणार तेही आत्ताच लिहा.

मला ५०० डॉलर पाठवायचे आहेत. खातं सांगा. (माझ्याकडे ओसीआय आहे.)

---

ताळेबंद | गुरुवार, सकाळी ८:१२

थांबा!! पाठवू नका. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक, तुमची देणगी एफसीआरएत (परदेशी देणग्यांच्या कायद्यात) मोडते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलं तर मोडत नाही. एफसीआरए नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा आणि पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. यांची वर्षाची उलाढाल अडीच लाख. विषय संपला. मुंबईला याल तेव्हा बैठकीला जा, खिचडीला हात लावा.

नाव न सांगता देणाऱ्यांचंही आत्ताच सांगून टाकतो, कारण तुमच्याकडे तेच जास्त असणार. ८०जीची पावती हवी असेल तर देणगीदाराचं नाव आणि पॅन आयकर खात्याला कळवावं लागतं, आणि २,००० च्या वर रोख चालत नाही. पावती नको असेल तरी नाव-पत्त्याची नोंद तुमच्याजवळ हवी, नाहीतर ती निनावी देणगी. निनावीला १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त तेवढी मुभा, त्यापुढे ३० टक्के कर. तुमच्या आकारमानाला १ लाखाची मुभा पुष्कळ आहे. दानपेटी ठेवा. परडीताई म्हणतात तसं सगळ्यांसमोर ओतून मोजा, दोघांच्या सह्या घ्या, दुसऱ्या दिवशी बँकेत.

आणि चर्नीरोड, काल रात्रभर तुमचं वाक्य डोक्यात होतं. १२ए आणि ८०जी एकदम घ्यायलाच हवं असं काही नाही. ८०जी सोडलं तर ५ टक्क्यांची भानगड उरत नाही आणि तुम्हाला जे आहे ते लिहिता येतं. दीडशे रुपये देणाऱ्याला करसवलत कशाला हवी? मी सवयीने बोललो.

---

वहिनीसाहेब_ठाणे | गुरुवार, सकाळी ११:०५

माझा मुलगा या बैठकीला जातो. मी निवृत्त मुख्याध्यापिका, घर माझ्या नावावर, पेन्शन चालू, मला कोणाच्या बापाची भीती नाही. एक टाळ माझा धरा. पत्ताही माझा घ्या, ना-हरकत मीच मला देईन.

---

नास्तिक_नरू | गुरुवार, सकाळी ११:२६

काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हेच मला खुपतं. आमच्या वतीने पुन्हा घरच्या मोठ्यांनी सही करायची. आम्ही कायम अल्पवयीन, पालक-सहीवाले.

---

वहिनीसाहेब_ठाणे | गुरुवार, सकाळी ११:४९

मग तू कर सही. मी लगेच उठते.

---

शेवटची_कसारा | गुरुवार, सकाळी ११:५०

😶

---

नास्तिक_नरू | गुरुवार, दुपारी ४:३७

पाच तास विचार केला. माझं ऑफिसात, घरी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला "जमणार नाही" म्हणायला काही कारणच सापडेना. देव मानत नाही, हे न्यासपत्रात लिहिणार असाल तर करतो.

---

उलटतपासणी | गुरुवार, संध्याकाळी ५:१०

"श्रद्धा असलेल्या व नसलेल्या" असे शब्द घालू. कायदेशीरदृष्ट्या काही बिघडत नाही, उलट एका धर्माचा ट्रस्ट नाही हे स्पष्ट होतं.

---

दिंडीतला_शेवटचा | रविवार, रात्री १०:४५

आज बैठक झाली. सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते, गोलात वाचले. (शेवटची_कसारा, तुमचेही.)

ठरलं ते असं. ट्रस्ट करायचा. विश्वस्त पाच: मी, चर्नीरोडकाका, परडीताई, नरू आणि वहिनीसाहेब. चर्नीरोडकाका आधीच टाळ उचललेल्या तिघांत होते. तिघांतली तिसरी मुंब्र्याची, तिने आज आपणहून टाळ परत ठेवला, घरी नुकतंच काही झालंय. कोणी काही विचारलं नाही. मुदत तीन वर्षं. ठराव आधी गोलात सर्वसंमतीने, मग तोच विश्वस्तांच्या सभेत औपचारिक. कार्यालय ठाण्याला वहिनीसाहेबांकडे. ८०जी नको. सभासद नोंदवही नाही. शिबिराची यादी शिबिर संपल्यावर फाडायची, हिशोबाला फक्त आकडा आणि पावती ठेवायची.

सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यात गेला. दीड तास. शेवटी उद्दिष्ट क्रमांक १ असं झालं: "समलिंगी, पारलिंगी (जोगती) व इतर क्विअर व्यक्तींना, श्रद्धा असलेल्या व नसलेल्या, एकत्र येऊन प्रार्थना, गायन, मौन व परस्परांचे ऐकणे यासाठी जागा उपलब्ध करून देणे." परडीताईंना "पारलिंगी" आवडला नाही, म्हणाल्या हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकला नाही, "जोगती" लिहा. मग कंसात घातला. "जागा" शब्द वसईवाल्याचा.

हॉलवाल्याला जाताना सांगितलं, पुढच्या वेळी भजनी मंडळ लिहू नका, नाव कळवतो. तो म्हणाला, "भाडं तेच ना?"

---

ताळेबंद | रविवार, रात्री ११:०२

यादी फाडायच्या आधी मला विचारा. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं हिशोबातून गेली की ती रक्कम निनावी होते. शिबिराची फी ही देणगी नव्हे, शुल्क आहे, म्हणून वेगळं दाखवू. पण फाडायचं ते खोली-वाटप आणि फोन नंबरची यादी. वही नाही.

---

दिंडीतला_शेवटचा | रविवार, रात्री ११:०९

वही माझ्या कपाटात, कुलपात.

---

उलटतपासणी | पुढच्या महिन्यात, बुधवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढते. कार्यालय ठाण्याचं, म्हणून आज ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज दाखल केला. परडीताईंचं राजपत्र आलं, त्या नव्या नावाने सही करायला आल्या होत्या, हिरवी साडी नेसून. टेबलावरच्या कारकुनाने उद्दिष्टं वाचली, "परस्परांचे ऐकणे" वर बोट ठेवून विचारलं, हे धर्मादाय कसं? मी उत्तर द्यायच्या आत चर्नीरोडकाका म्हणाले, "तुम्ही घरी गेल्यावर कोण ऐकतं तुमचं?" तो हसला नाही. शिक्का मारला. चौकशीत पुन्हा हाच प्रश्न येणार, तयारीत राहा. क्विअरबद्दल एक शब्द विचारला नाही.

---

परडी | बुधवार, संध्याकाळी ६:५१

कारकून "काकू बसा" म्हणाला मला. बसले.

---

गिरणगावकर | बुधवार, रात्री ८:३०

अभिनंदन. पावतीपुस्तकाचं काय केलंत? परळला माझ्या ओळखीचा छापखाना आहे. शंभर पावत्यांचं बुक, कार्बन, अनुक्रमांक छापील, हाताने घातलेला नको.

---

ताळेबंद | बुधवार, रात्री ८:४१

नोंदणी क्रमांक येईपर्यंत छापू नका, काका. क्रमांक पावतीवर लागतो.

---

गिरणगावकर | बुधवार, रात्री ८:५५

ते मलाही ठाऊक आहे. कागद घेऊन ठेवतो. दिवाळीच्या तोंडावर भाव चढतो. आणि शेवटच्या रविवारी किती वाजता असतं हो तुमचं? पुस्तक कसं लिहायचं ते एकदा समोर बसून दाखवतो, फोनवर कळत नाही.

---

दिंडीतला_शेवटचा | बुधवार, रात्री ९:०३

साडेचारला. मेगाब्लॉक आहे, दादरला धीम्या गाडीने या. चपला दारातच काढायच्या.